घरघर नसलेला अ‍ॅम्प्लिफायर

बंद करा रे तो डीजे, कानाचे पडदे फाटायलेत. हां, बसा आता. ह्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'राजकन्या' लिव्हलंय, दिसलं का? ज्यांनी बनवला त्या देविदासशेठच्या गाडीवर माझा साडू हनुमंत डायवर हाय. त्याच्यासंगट घडलेलं सांगतो. गडी दारूला शिवत न्हाई, म्हणून सांगतो.

मागल्या साली, अनंत चतुर्दशीची रात. लातूरहून किल्लारीच्या मंडळाला सामान पोचवायचं होतं. शेठ म्हणले, मीबी येतो. सामान उतरवलं, चहा झाला. मग म्हणले, "हनुमंत, जुन्या गावात घे गाडी."

जुनं गाव म्हंजे भूकंपात बसलेलं. आता नुसती झुडपं. भूकंप झाला तवाबी विसर्जनाचीच रात. शेठ भोंगे भाड्यानं द्यायचे. मिरवणुकीत होते म्हणून वाचले. घर मातर बसलं. आत सहा वरसांची पोरगी, राजकन्या. शेठनं दगडांच्या फटीत माइक सोडला, बॅटरीवरल्या अ‍ॅम्प्लिफायरला कान लावला. नुसती घरघर. पोरगी हाक मारून राहिली का न्हाई, कळंना. लोक म्हणले, इथं कोणी न्हाई, आन् जिथं रडणं ऐकू येत होतं तिकडं गेले. पोरगी दुसऱ्या दिशी निघाली... गेलेली.

मग शेठनं जन्मभर एकच केलं. अ‍ॅम्प्लिफायरची घरघर काढली. त्यावर कारखाना उभा राहिला, देगलूरच्या पल्याड तेलंगणात माल जातो. पण त्यांना ना कोणी रडताना बघितलं, ना हसताना. तिनं हाक मारली होती का, एवढंच त्यांना पायजे होतं.

तर त्या राती शेठनं घराची जागा हुडकली. फटीत माइक सोडला. कानाला हेडफोन लावला. हनुमंत बॅटरीचा उजेड धरून उभा.

बराच वेळ... काही न्हाई.

मग शेठनं ओ दिली, "हाव."

थांबले.

"हाव, बाळा. मी हाय."

"शेठ... कोण?"

शेठनं हेडफोन काढून त्याच्या हातात दिला. हनुमंतानं लावला. घरघर न्हाई. वारा न्हाई. काहीच न्हाई...

"चला शेठ."

तो वायर ओढाया लागला. येईना. पुन्हा ओढली.

खालून कोणी धरल्यागत.

मग सुटली.

शेठ माइक मांडीवर घेऊन गाडीत बसले. लातूर येईस्तोवर खाली ठेवला न्हाई. घरापाशी हनुमंतानं माइक पिशवीत घालाया घेतला, तवा दिव्याखाली दिसलं.

माइकपाशी वायरीला गाठ होती, फटीत सोडताना नव्हती ती. एवढी ओढूनबी सुटली नव्हती. दोन पाकळ्यांची... शाळंला जाताना पोरींच्या वेणीला फीत बांधतात, तशी.