चार कोपरे, मग मध्य

सिद्धनाथाचा दिवा लागेपर्यंत मी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा माझा हा नेम. म्हसवडहून आणलेली नाथांची तसबीर आता आमच्या इस्लामपूरच्या मंगल कार्यालयात आहे. म्हणून रोज उजाडताना मी अनवाणी तिथं जाते, दिवा लावते आणि मगच तोंड उघडते.

कार्यालयाची फरशी नवी होती, मोठमोठ्या दुधी टाइल्सची. तिच्यावर आमच्या अंकिताचं लग्न लागायचं होतं. पण त्याच्या आधीच्या एका लग्नात आमची वाढपी रंगूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी पडली आणि तिनं मनगट मोडून घेतलं.

"घसरले न्हाई, वैनी," ती म्हणाली. "खालनं कुणीतरी ढोसलं."

"व्हय, खाली दुश्मनानं बंकर खणलाय," आमचे हे हसले. हे म्हणजे लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. फरशी बसवणारा दादासोही येऊन पाय घासून बघून गेला. "काय बी न्हाई, वैनी." पण ज्यानं बसवली तो दुसरं काय सांगणार? माझं मन घेईना. लेकीचं लग्न होतं.

मी सांगलीच्या दीक्षाताईंना फोन केला. दवाखाने, शोरूम, हळदीची गोदामं अशा ठिकाणच्या फरश्या तपासायचा त्यांचा व्यवसाय. "येते," त्या म्हणाल्या, "पण मला दिसेल तेच अहवालात लिहीन. चालेल ना?" तो आवाज ऐकूनच मला बरं वाटलं.

भर दुपारी आल्या. वयानं अंकिताएवढ्याच. नाथांची तसबीर दिसली तशा दाराशीच चपला काढल्या. मग गुडघ्यांवर बसून, टोकाला गोळी असलेल्या पोलादी कांडीनं एकेक टाइल वाजवू लागल्या. आधी चार कोपरे, मग मध्य. एकही टाइल सोडली नाही, की घाई केली नाही. मी पूजेला बसते तशा त्या बसल्या होत्या. बघत राहावंसं वाटत होतं.

"भरीव असली की खणखणीत वाजते, काकू. खाली पोकळ असली की बद्द."

एकच बद्द वाजली. स्वयंपाकघराच्या दाराशी, रंगूबाई पडली तिथं. ताईंनी तिच्यावर खडूनं फुली मारली. पाणी ओतून उतार बघितला, लेव्हल लावली, ओल्या फरशीची पकड तपासली. सगळं उत्तम. मग परत येऊन फुलीवर कांडी टेकवली.

खणखणीत.

शेजारची वाजवली. ती बद्द.

"खडू चुकून भलतीकडं लागला आसंल," हे म्हणाले.

"असेल, काका." त्या चिडल्या नाहीत. दुसरी फुली मारली, पुन्हा पहिल्यापासून वाजवत आल्या. दुसरीही आता खणखणीत होती. बद्द आवाज तिच्या पुढच्या टाइलमध्ये गेला होता.

ह्यांचं हसू थांबलं. ताई फुल्या मारत राहिल्या. जेवणाच्या रांगा जिथून जातात तिथून फुल्या पूर्वेच्या भिंतीकडं निघाल्या. कुणीतरी वाट काढत चालावं तशा.

भिंतीपाशी पोकळी थांबली. ताईंनी दहा वेळा वाजवून पाहिलं. हलली नाही.

"इथं काय असतं, काकू?"

"अंकिताचा पाट मांडायचाय," मी म्हणाले.

त्या हळूच त्या टाइलवरून मागं सरल्या.

"शिमिट कमी पडलं आसंल," हे म्हणाले. "तुमी ठीक हाय म्हणून लिवा, ताई. पावणे यायचेत."

"काका, मला कारण कळलेलं नाही. जे कळलं नाही त्याला मी ठीक कशी म्हणू?" मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मुलीला इथं उभं करू नका."

लग्न बाहेर अंगणात, मांडवाखाली लागलं. अक्षता पडल्या, कुणाला साधी ठेच लागली नाही. अंकिता हसत साताऱ्याला सासरी गेली. "ती सांगलीची पोरगी लय धीराची," म्हणत ह्यांनी स्वतःच्या हातानं हॉलला कुलूप घातलं.

पण दिवा तर लावायलाच हवा.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी कुलूप काढून आत गेले. फुल्या पुसून टाकल्या होत्या, फरशी लख्ख होती. तसबिरीपुढं उभी राहून मी काडेपेटी उघडली.

पूर्वेच्या भिंतीपाशी टकटक झाली.

खालून.

चार कोपरे, मग मध्य. जरा थांबून शेजारची टाइल. चार कोपरे, मग मध्य. घाई नव्हती, एकही सुटत नव्हती. आवाज माझ्याकडं येत होता, आणि प्रत्येक टाइल खणखणीत वाजत होती.

दिवा लागला नव्हता. हाक मारता येईना. काडी ओढायला हात उठेना.

मग माझ्या टाचेजवळ एक कोपरा वाजला. दुसरा. तिसरा. चौथा.

मग मध्य, थेट माझ्या पावलांखाली.

बद्द.