अन्नपूर्णेखालचे तांदूळ

हेमलतानं कडेवरची बेबी सावरली आणि पिशवीतून वाकलेला लोखंडी कोयंडा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या खिळ्यांना अजून दाराच्या लाकडाच्या ढलप्या चिकटलेल्या होत्या.

"पोलिसांचं काही विचारू नका," ती म्हणाली. "मला त्या चोराचं तोंड पाहायचं आहे. आणि मी काढते आहे तशी एक रात्र त्यानं काढावी, एवढं हवं आहे."

"तशी म्हणजे कशी?" शरयू बोकारेंनी विचारलं.

"दाराकडे डोळे लावून."

शरयूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. विमा कंपन्यांसाठी आगी आणि चोऱ्यांचा तपास करणं हा त्यांच्या नवऱ्याचा धंदा. तो गेल्यावर अधारतालच्या या दोन खोल्यांतून बाईंनी तो पुढे चालू ठेवला होता. सोबतीला थोरले भाऊ रत्नाकर, तारखात्यातून निवृत्त झालेले. संशय घ्यायला उतावळे, बाकी सगळ्यात सावकाश.

"बसा आणि पहिल्यापासून सांगा," बाई म्हणाल्या.

एकाहत्तरचा डिसेंबर होता. लढाई सुरू झाल्यापासून दारूगोळ्याच्या फॅक्टरीत दुहेरी पाळ्या चालल्या होत्या. हेमलताचा नवरा विनय संध्याकाळी जायचा तो उजाडल्यावर परत यायचा. घमापुरात एका अंगणाभोवती तीन बिऱ्हाडं होती. सायरन झाला की दिवे मालवून सगळ्यांनी मैदानातल्या खंदकात जायचं, असा नियम होता.

"त्या संध्याकाळी सायरन झाला. कुलूप लावून मी बेबीला घेऊन पळाले. दुपारीच मैदानातला नळ फुटला होता. खंदकात पोटऱ्यांपर्यंत चिखल. पोर खांद्यावर घेऊन सगळा वेळ उभी होते. बाकी काळोखात कोण कुठं आहे, काही दिसत नव्हतं. परत आले तर दार उघडं, हा कोयंडा लोंबकळत होता. आईनं दिलेल्या पाटल्या गेल्या, बेबीचे वाळे गेले, देवातली चांदीची वाटी गेली."

"झडती झाली?"

"दुसऱ्या दिवशी. शेजारच्या विष्णूभैयांची खोली, अंजनीकाकूंची खोली, आमची गेंदाबाई भांडी घासते तिची झोपडी. सगळं उपसलं. काही मिळालं नाही."

"गेंदाबाईचं नाव पोलिसांना कुणी सांगितलं?"

हेमलतानं बेबीचं टोपडं उगीच सारखं केलं. "मी."

रत्नाकरनी मान डोलावली. "बरोबर आहे. घरातल्या चोऱ्या असल्याच बायका करतात."

"दादा, टांगा बघा," शरयूबाई म्हणाल्या.

*

दारावर आता नवा कोयंडा बसवला होता, पण आतली कडी जुनीच, ढिली. शरयूबाईंनी ती दोनदा हलवून पाहिली आणि स्वयंपाकघरात गेल्या. कोपऱ्यात देव्हारा, शेजारच्या फळीवर वनस्पती तुपाचे चार सारखे डबे.

"चांदीची वाटी कशाची होती?"

"अन्नपूर्णेची. लग्नात मी माहेराहून आणलेली. तिच्यात तांदूळ घालून देवी बसवलेली असते. मूर्ती पितळेची, म्हणून त्यानं ती सोडली असेल."

मूर्ती देव्हाऱ्यातच होती. लहानशा पितळी वाटीत, तांदळात.

"या वाटीत तुम्ही ठेवलीत?"

हेमलता थांबली. "नाही. मी आले तेव्हा अशीच होती. नंतर मला वाटलं, ह्यांनी ठेवली असेल."

आतल्या खोलीतून विनय जांभई देत आला. झोप अर्धीच झालेली होती. "मी? मी तर सकाळी आलो. मला वाटलं, तूच ठेवली."

"गेंदाबाईनं ठेवली असेल," रत्नाकर म्हणाले.

"ती स्वयंपाकघरात येत नाही," हेमलता म्हणाली. "भांडी नळावर घासते."

शरयूबाईंनी डब्यांकडे बोट केलं. "तांदूळ कशात?"

हेमलतानं न पाहताच तिसऱ्या डब्यावर हात ठेवला. बाईंनी आणखी काही विचारलं नाही. बाहेरच्या खोलीत पाळण्याशेजारी एक जाड वाकळ गुंडाळून ठेवली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"काकूंची आहे," हेमलता म्हणाली. "चोरीच्या रात्रीपासून रोज सोबतीला झोपायला येतात. त्या नसत्या तर मला वेडच लागलं असतं."

"दिवसाही इथंच राहते?"

"रोज कुठं ने-आण करणार? परवा बेबीनं ओली केली तर मला उन्हातसुद्धा घालू दिली नाही. म्हणाल्या, तू काहून कष्ट करते, मी पाहते."

*

गेंदाबाई अंगणातल्या नळावर भांडी घासत होती. हेमलताची नाही, विष्णूची चहाची.

"पूछो दीदी, आप भी पूछो," ती राखेचा हात न थांबवता म्हणाली. "दिनभर थाने में बैठाया. मेरा आदमी खाट पे पड़ा है, उस दिन उसे किसी ने पानी तक नहीं दिया. बहूजी से पूछो, मैंने इनके घर से कभी एक चम्मच उठाया?"

हेमलता दुसरीकडे पाहू लागली. तिच्या मनात अजूनही थोडा संशय होताच.

विष्णू मोहल्ल्याचा ब्लॅकआउट वॉर्डन होता. एकटा जीव, जेवण खाणावळीत. गळ्यातली शिट्टी तो दिवसाही काढत नसे.

"अंधारात मोकळा फिरणारा तू एकटाच," रत्नाकर एकदम म्हणाले.

"फिरत होतो नं, पण कुठं? खंदकाच्या काठावर. लोक डोकी वर काढून राहिले होते, त्यांच्यावर ओरडून ओरडून घसा बसला. चिखलात माझे बूट गेले ते वेगळेच. विचारा कुणालाही."

"इकडं कुणाच्या घरात उजेड दिसला का?" शरयूबाईंनी विचारलं.

"काडी पेटली असती तरी दिसली असती, दीदी. मैदानातून हे अंगण सरळ दिसते."

अंजनीकाकू उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. वर्ध्याकडच्या, विधवा. मामाकडे राहणाऱ्या मुलीचं, ज्योतीचं, लग्न माघात ठरलं होतं. काकूंनी आधी बेबीला मांडीवर घेतलं.

"माझ्या हातची आहे ही. हेमाचं बाळंतपण मी केलं, सव्वा महिना तिची चूल सांभाळली. मेल्या चोराचे हात झडो."

"तुम्ही खंदकात होता?"

"होती नं. त्या टोकाले. बसून बसून कंबर धरली बाप्पा, अजून सरळ होऊन नाही राहिली."

"आणि हेमाला सोबत करता, ते फार चांगलं करता."

"करावंच लागते, बाई. एकटी बाई, लहान लेकरू. मी म्हणते तिले, मी आहे नं दाराशी, तू झोप."

हेमलताचे डोळे भरून आले. शरयूबाईंचे मात्र नाही.

*

बाईंनी सगळ्यांना अंगणातच बसवलं. विनय पायरीवर, गेंदाबाई नळापाशी उभी.

"दादा, विष्णूच ना तुमच्या मते?"

"मराठी माणूस, देवीचं त्याला कळतं, आणि मोकळा होता," रत्नाकर म्हणाले.

"अर्धं बरोबर आहे. चोरानं चांदीची वाटी घेतली, पण अन्नपूर्णा उघड्या फळीवर ठेवायला त्याचा जीव धजेना. पाटल्या चोरताना हात अडखळला नाही, देवी तांदळावाचून राहील म्हणून अडखळला. हा धाक आपल्याच घरांतला. पण ते तांदूळ आले कुठून? चार सारखे डबे, काळोख, काडी पेटवायची सोय नाही. तरी हात बरोबर तांदळाच्या डब्यावर गेला. खाणावळीत जेवणाऱ्याला ते जमेल? गेंदाबाईला जमेल, जिला त्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत?"

काकूंच्या मांडीवरची लसणाची सालं वाऱ्यानं उडाली.

"त्या चुलीवर सव्वा महिना काढलेल्या हाताला जमेल," शरयूबाई म्हणाल्या. "काकू, त्या संध्याकाळी खंदकात पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. हेमलता उभी होती, विष्णूचे बूट त्यातच गेले. तुम्ही बसलात कशावर?"

"टोकाले कोरडं होतं थोडं," काकू म्हणाल्या.

विष्णूनं मान हलवली. "नाही काकू. टोकालेच नळ फुटला होता."

"मग झडती घ्या नं माझी. एकदा झाली, अजून घ्या."

"तुमच्या खोलीची कशाला? पोलिसांनी सगळी घरं उपसली. ज्या घरात चोरी झाली, तेवढंच एक सोडलं." बाई भावाकडे वळल्या. "दादा, पाळण्याजवळची ती वाकळ जरा उन्हात टाका."

काकू उठल्या. कंबर सरळ झाली होती.

"तिले हात नको लावू. माझी आहे ती."

रत्नाकरनी वाकळ दोरीवर टाकली तशी ती एका बाजूनं खाली ओढली गेली. शरयूबाईंनी कोपऱ्याची शिवण उसवली. आधी वाळे पडले, त्यातलं एक घुंगरू गडगडत बेबीकडे गेलं. मग वाटी. मग चिंधीत गुंडाळलेल्या पाटल्या.

हेमलता पाटल्यांकडे पाहत नव्हती. ती वाकळीकडे पाहत होती. चोरीनंतरच्या प्रत्येक रात्री त्या वाकळीच्या काठाला हात लावून ती झोपायचा प्रयत्न करत होती.

"ज्योतीच्या सासरचे सोनं मागून राहिले होते, हेमा," काकू खाली बसल्या. "तुझ्याजवळ तर होतं, अंगावर घालत पण नव्हती. लेकरासारखं केलं मी तुझं."

"आणि कुत्रं भुंकलं तरी मी दचकून उठायची, तेव्हा तुम्ही पाठीवरून हात फिरवायचात."

काकूंनी पदर तोंडावर ओढला.

"पोलिसांना आत्ता बोलवू?" विनयनं विचारलं.

"उद्या सकाळी," हेमलता म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की बेबीसुद्धा तिच्याकडे पाहू लागली. "विष्णूभैया, पेचकस आहे?"

"आहे."

"काकूंच्या दाराची आतली कडी काढा. बाहेरचा कोयंडाही काढा. कडी माझ्या दाराला बसवा."

रत्नाकर काही म्हणणार होते. शरयूबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला.

"हेमा, असं नको करू," काकू म्हणाल्या. "मी एकटी बाई आहे. ब्लॅकआउट होते, अंगणात कोण येते, कोण जाते."

"हो," हेमलता म्हणाली. "माहीत आहे मला."

विष्णूनं स्क्रू काढले. एक गंजलेला होता, तो कुरकुरत निघाला. "मी अंगणातच खाट टाकतो," तो पुटपुटला, "पळाल्या तर पंचाईत."

गेंदाबाई हात पुसत जवळ आली. "बहूजी, थाने में मेरा नाम आपने लिया था. कल थाने में सबके सामने बोलना कि झूठ था."

"बोलेन."

"और बर्तन अब खुद माँजना." ती बादली उचलून निघून गेली. तिला थांबवायला हेमलताजवळ तोंड नव्हतं.

*

संध्याकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला. विनय डबा घेऊन निघाला, दारात घुटमळला.

"राहू का आज?"

"जा तुम्ही."

तिनं काकूंची कडी सरकवली. कडी जड होती आणि पक्की बसली. देव्हाऱ्यात अन्नपूर्णा पुन्हा चांदीच्या वाटीत होती. पितळी वाटीतले तांदूळ तिनं चिमण्यांना टाकले होते.

अंगणापलीकडून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. काकू दाराला टेकवत असाव्यात. थोड्या वेळानं आणखी काहीतरी ओढलं गेलं, पाटा असेल. मग पुन्हा ट्रंकच, जरा नीट टेकवलेली.

हेमलतानं ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. दिवा मालवला, बेबीला कुशीत घेतलं आणि त्या चोरीनंतर पहिल्यांदाच दाराकडे पाठ केली.