एका शेडपुरता करार

बारामतीच्या एसटी स्टँडवर खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल म्हणजे नुसता रुमाल नसतो, सातबारा असतो. ज्याचा रुमाल त्याची जागा, यात वाद नाही. त्या दिवशी मी वालचंदनगरच्या गाडीत चढले आणि बघते तर काय, माझ्या रुमालावर एक भलं मोठं खोकं ऐसपैस बसलेलं! माझं डोकंच फिरलं.

"कुणाचं खोकं हाय हे?"

"माझं." खोक्याच्या पलीकडून एक चष्मा वर आला. "सॉरी, पण खाली नाही ठेवता येणार. नाजूक आहे."

"अन् मी काय सिमेंटची गोणी आहे?"

तो हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? पण हसला, खोकं मांडीवर घेतलं आणि मला जागा दिली. गाडी खड्ड्यात आदळली की तो खोक्याला झोपलेल्या लेकरासारखं सावरायचा. मी खिडकीबाहेर बघत होते... म्हणजे, बघतेय असं दाखवत होते.

कळंबच्या फाट्यावर मी उतरले. तोही उतरला. मी आमच्या वाटेला लागले, तर हा मागंच!

"ओ, माझ्या मागं का येताय?"

"मी कचरूआबांच्या रोपवाटिकेत चाललोय. तुम्ही?"

आता काय बोलणार, कप्पाळ! कचरूआबा म्हणजे माझे वडील. आणि ज्या पाहुण्यासाठी मी आबांचं डोकं खाल्लं होतं, तो नाशिकच्या कंपनीचा इंजिनिअर हाच. अनुप.

आमच्याकडं टोमॅटोची रोपं तयार होतात. पाणी आबा देतात, पाइप हातात धरून, नुसत्या नजरेच्या अंदाजानं. अंदाज पक्का, पण गुडघे आता कुरकुरतात. रोपवाटिका वाढवायची तर पाणी देणारं यंत्र हवं होतं. पण आबांपुढं यंत्राचं नाव काढायची सोय नव्हती. "शेजारच्या कुंडलिकरावानं घेतलं यंत्र. आज त्याच्यावर कोंबड्या बसत्यात," म्हणायचे. खरंच बसायच्या!

मग मी म्हटलं, "आबा, यंत्र विकत घ्यायचंच नाही. यंत्र बनवणाऱ्यालाच सोबतीला घेऊ. शेड आपली, रोपं आपली, यंत्र त्यांचं. एकाच शेडमध्ये, रोपांच्या एकाच खेपेपुरतं. जमलं तर सगळ्या शेडना लावू. फसलं तर ते यंत्र उचलून नेतील. आपली एका शेडची रोपं जातील, घर नाही बसणार. आणि त्यांनाही आपल्या उन्हात यंत्र पारखून मिळेल. त्यांच्या ऑफिसात कुठलं आलंय इंदापूरचं ऊन?"

आबांनी हातातला पाइप खाली ठेवला. मग म्हणाले, "एकच शेड. अन् निकाल तू द्यायचा, त्या कंपनीवाल्यानं न्हाय."

अनुपनं आल्या आल्या वाकून "जय भीम, आबा" म्हटलं आणि आबा निम्मे तिथंच विरघळले. उरलेले निम्मे यंत्र बघून आखडले.

अनुपनं बारामतीजवळच्या जळोचीत खोली घेतली. रोज सकाळच्या गाडीनं यायचा. रोपांच्या ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, तारा खुपसायचा. त्या ओलावा मोजायच्या, आणि ट्रे सुकायला आले की वरच्या फवाऱ्यांतून आपोआप पाणी सुटायचं. किती बारीक! पाऊसही म्हणवत नाही, धुकंही नाही. पहिल्यांदा सुटलं तेव्हा आम्ही दोघं मधोमध उभे होतो. त्याच्या चष्म्यावर थेंब जमले.

"काही दिसतंय का?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही कुठं आहात, तेवढं कळतंय."

मी... मी काय करणार! ट्रे मोजायला लागले. मोजलेलेच परत मोजले.

मला ठाऊक होतं, यंत्र पास झालं तर अनुप सगळ्या शेडच्या कामाला इथं राहील. नापास झालं तर जालन्याला दुसऱ्या रोपवाटिकेत जाईल, कायमचा. आणि निकाल द्यायचा होता मी! देवळातल्या पुजाऱ्यानंच प्रसाद वाटायचा आणि स्वतः उपाशी राहायचं, तशी गत. रोज मनात म्हणायची, रोपांनो, जरा जोमानं वाढा ना गं बायांनो.

नाही वाढली. आबांच्या शेडमधली रोपं हिरवीगार आणि यंत्राच्या शेडमधली बुडाशी काळी पडून आडवी होऊ लागली. जादा पाण्यानं मर लागते तशी. अनुप गोंधळून गेला. "पहाटे ओलावा एकदम वाढतोय. यंत्र तर तेव्हा बंद असतं. म्हणजे मोजण्यातच खोट आहे. माझीच चूक."

त्याचा चेहरा बघवत नव्हता. एक मन म्हणालं, दिशा, अजून थोडे दिवस काढ, कुणाला कळतंय? पण आबांनी विश्वासानं सोपवलं होतं. मी सांगून टाकलं, "नापास."

"बरोबर आहे," तो एवढंच म्हणाला आणि तारा काढायला बसला.

जाताना आमच्या आत्यानं, अक्काबाईनं, त्याला चहा दिला. वर म्हणाली, "बरं झालं बाबा न्हेतोयस ते. रोज पहाटं उठून मलाच पाणी घालावं लागत व्हतं."

"कशाला?" आम्ही तिघं एकदम.

"आता कशाला म्हंजी! दादाच्या रोपांना माणूस पाणी घालतंय, अन् ह्या पोरक्यांना कुणीच न्हाय. तुमचं यंत्र तर सकाळी झोपल्यालं. मला न्हाय बघवलं."

अनुपनं चहाचा कप खाली ठेवला. मग आबा असे हसले, असे हसले की ठसका लागला. अनुपही हसत होता आणि चष्मा पुसत होता. मला मात्र रडूच आलं. रोपं गेली होती, आणि जालन्याची गाडी दुसऱ्या दिवसाची होती.

त्यानं तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, यंत्र राहू दे, आणखी एक खेप कंपनीच्या जोखमीवर. पण तू जालन्याला नीघ. अनुपनं तारा पुन्हा खुपसल्या. "ओलावा मला मोबाइलवर दिसत राहील," तो म्हणाला. "तुम्ही इथून लक्ष ठेवा."

तो गेला. सकाळच्या गाडीचा हॉर्न फाट्यावर वाजला की माझी मान वळायचीच. वळून काय? शेजारच्या धोंडाबाई दळण घेऊन उतरायच्या. फवारे सुटले की मी काही ना काही निमित्त काढून शेडमध्ये जायची आणि मधोमध उभी राहायची. शेजारची जागा रिकामी. ओढणी ओली व्हायची. आत्या ओरडायची, "अगं, सर्दी हुईल!" होऊ दे की.

आणि रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

"ओलावा किती आहे?"

मी सांगायची. मग तिथलं पाणी, इथलं ऊन, आत्याचे गुडघे, आबांचेही गुडघे... बोलणं संपायचं नाही. ओलावा त्याला तिकडं दिसतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण बोलले नाही. बोलले आणि फोनच बंद झाला तर?

या खेपेला रोपं फोफावली. आबांच्या शेडच्या तोडीस तोड! उद्या निकाल द्यायचा होता. सगळ्या शेडना यंत्र बसणार, हे ठरल्यातच जमा होतं. पण जालन्याचं काम अर्ध्यावर होतं, त्यामुळं इकडं कंपनीचा दुसराच माणूस येणार, असं साहेबांनी कळवलेलं. म्हणजे ओलावा विचारायचं कारणही उद्या संपणार.

त्या संध्याकाळी फोन वाजला.

"ओलावा किती आहे?"

आज मी आकडा सांगितला नाही. बोलले आणि त्याच्या मनात तसं काही नसलं, तर माझी लाज गेलीच. वर आबांसाठी एवढ्या खटपटीनं आणलेली कंपनीची सोबतही अवघडून जाणार. शेडचं बरं असतं, एकीत करून बघायचं, बाकीच्या शाबूत ठेवायच्या. माणसाचं मन एकच असतं हो!

"अनुप, ओलावा तुम्हाला मोबाइलवर दिसतो ना?"

तो हळूच म्हणाला, "दिसतो."

"मग रोज फोन कशाला?"

"मोबाइलवर तुमचा आवाज येत नाही ना... आकडे येतात नुसते."

मी शेजारच्या क्रेटवर बसलेच. म्हणाले, "ऐका. उद्याचा निकाल काय लागायचा तो लागू दे. यंत्र राहो, जावो. मला तुम्ही हवे आहात. खूप आठवण येते हो तुमची... रोज येते."

मी फोन कानापासून काढून बघितला, कट तर नाही ना झाला.

"दिशा," त्याचा आवाज फाटला होता, "रविवारी येतो. आईला घेऊन. चालेल?"

मी जोरजोरात मान हलवली, पण फोनवर मान कुठं दिसते!

"हॅलो? दिशा? आवाज येतोय का?"

"येतोय," मी डोळे पुसत म्हणाले. "आईंना तिखट चालतं का, तेवढं सांगा."