सालीखालचा पूल

आम्ही दोघे समोरासमोर उभे होतो. मध्ये नासपतीचे कोवळे झाड, मी कलम केलेले. आणि त्याच्या खोडात खोल रुतलेली तार. तारेला लोंबणारी नावाची पाटी त्यानेच रंगवलेली, तीन वर्षांपूर्वी त्यानेच बांधलेली.

“वाऱ्यानं हलू नये म्हणून घट्ट आवळली…” उद्यानाच्या पाट्या रंगवणारा तो पुटपुटला. “पण पानं तर हिरवीगार आहेत की!”

“असणारच. पाणी लाकडातून वर चढतं, त्याला तारेनं अडवलं नाही. पण पानं उन्हात जे अन्न रांधतात ना, ते सालीच्या आतून खाली उतरतं. हात लावून बघा…” तारेच्या वरची सूज त्याच्या बोटांखाली आली. “शिदोरी इथंच अडलीय. मुळं उपाशी.”

“म्हणजे… मरणार?”

“माझ्या हातचं कलम अजून मेलेलं नाही, पाटीवाले. फांदी धरा.”

“कान नको धरू?”

“तो नंतर. आधी फांदी.”

मी तार कापली. पेन्सिलीएवढ्या जाड तीन काड्या तासल्या. प्रत्येकीचे एक टोक जखमेच्या वर, एक खाली, सालीत सरकवून मेण लावले; अडलेली शिदोरी खाली उतरायला पूल.

“द्या चाकू, मी तासतो.”

“हा बाबांचा चाकू. त्यांच्यामागं फक्त माझ्या हातात.”

तो हसला, पण त्या दिवसापासून रोज येऊ लागला. मागणी घालणाऱ्या साऱ्यांना मी आजवर परत पाठवले होते. कुणाकडून बांधून घेणे माझ्या रक्तातच नव्हते. तरी संध्याकाळी फाटकाचा आवाज झाला, की माझे बोट मेणावर उगाच रेंगाळे…

उन्हाळा सरता सरता काड्या करंगळीएवढ्या जाड झाल्या. पूल जगला होता. उपाशी मुळांपर्यंत उन्हाची गोडी पोचली होती, आणि ते माझ्या हातांनी घडवले होते!

त्या संध्याकाळी झाडापासून हातभर अंतरावर, जमिनीत रोवलेल्या खुंटीवर नवी पाटी दिसली.

“झाडाला शिवलोसुद्धा नाही,” तो म्हणाला. मग खाली बघत — “घट्ट बांधायची खोड जुनी आहे माझी. न आवळता जवळ राहायला… शिकवाल? जन्मभर?”

मी बाबांचा चाकू पुसला. मिटला. त्याच्या उघड्या तळहातावर ठेवला.

आणि ताठ मानेने रोपवाटिकेकडे चालू लागले.