स्वभाव : मनमिळाऊ

नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून मी मेहकर बसस्टँडसमोरच्या एका टायपिंगच्या दुकानात शिरले. बाबांनी माझा लग्नाचा बायोडाटा करून आणायला पाठवलं होतं.

"नाव?" संगणकामागच्या तरुणानं विचारलं.

"सुचिता इंद्रभान अवचार. डोणगाव."

"व्यवसाय?"

"मिरची-टमाट्याच्या रोपांची नर्सरी. माझी स्वतःची."

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. जरा जास्तच वेळ पाहिलं... मग पटकन पडद्याकडे वळून टाइप केलं — स्वभाव : मनमिळाऊ.

"हे मी कुठं सांगितलं?"

"सगळेच लिहितात. इथं आलं की बोटं आपोआप चालतात."

"मी भांडखोर आहे. डोणगावात कोणालेही विचारा."

तो हसला. "मनमिळाऊ म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"गरीब गाय."

"छे! टिकतं ते टिकाऊ, लढतो तो लढाऊ. तसं ज्याचं मन मिळतं, तो मनमिळाऊ."

"मिळते म्हंजे? बाजारात वांगे मिळतात तसं?"

"तो अर्थ नंतरचा. संस्कृतात 'मिल्' म्हणजे भेटणं, एकत्र येणं. नदी नदीला मिळते ना, तसं. मिलन हा शब्दसुद्धा त्यातलाच—" आणि तो एकदम अडखळला. कान लाल झाले. माझेही झाले असतील, पण माझे ओढणीखाली होते.

त्याचं नाव गंधार. वडील, रमाकांत सर, शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे शब्द खणून काढायची खोड घरातलीच.

"म्हंजे याले दोघं लागतात," मी म्हटलं. "मग खोडा तो शब्द. पोरगा पाह्यल्याशिवाय मन मिळते का नाही, मी कशी सांगू?"

त्यानं निमूटपणे खोडला.

रविवारी देऊळगाव राजाचे पाहुणे आले. पोह्यांची बशी खाली ठेवत मुलगा म्हणाला, "लग्नानंतर नर्सरी बंद करावी लागेल. आमच्यातल्या बाया असलं काम करत नाहीत."

चार वर्षं खपून मी ती उभी केली होती. पहिल्याच उन्हाळ्यात वावटळीनं शेडनेट उडवलं, तेव्हा मी आणि बाबांनी ते बाभळीच्या काट्यांतून दिवसभर सोडवलं होतं.

"मग नाही जमणार," मी म्हटलं.

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दुसरा बायोडाटा काढ. जरा नरमाईचा."

मी मेहकरला गेले. मग फोटो बदलायला गेले. मग...

"आज काय?" गंधारनं विचारलं.

"रक्तगट."

"तो बदलला?"

"नाही. नीट दिसून नव्हता राह्यला."

त्यानं दोन चहा सांगितले.

पुढे त्यानं गच्चीवर लावायला माझ्याकडून मिरचीची वीस रोपं नेली आणि पाणी घालघालून कुजवली. मी दुकानात जाऊन त्याला झापलं. तोही ऐकेना. "ऊन कडक आहे असं तुम्हीच म्हणालात!" चहा गार होईपर्यंत आम्ही भांडलो. परतताना बसमध्ये लक्षात आलं, हरल्यासारखं वाटत नव्हतं, जिंकल्यासारखंही नाही. नुसतं छान वाटत होतं.

एप्रिलमध्ये बाबांनी सांगितलं, रविवारी जळगाव जामोदचे पाहुणे येणार. मी थेट दुकान गाठलं.

"आज काय बदलायचं?"

"काही नाही. रविवारी पाहुणे येऊन राह्यले. मले त्याईले हो म्हणायचं नाही. मले तुम्ही आवडता."

तो इतक्या झटक्यात उठला की खुर्ची मागे भिंतीवर आदळली. "मी... म्हणजे... तुमचे बाबा—"

"ते तुमचं तुम्ही पाहा. माझं सांगून झालं."

रुबाबात बाहेर पडले खरी, पण बसस्टँडवर भलत्याच बसमध्ये चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रेमध्ये बी टोबत होते. मेहकरची बस थांबली. इस्त्रीच्या शर्टातला गंधार उतरला, मागून त्याची आई, प्रतिमाताई.

बाबांनी बाज टाकली. "पोरगी पाह्याले आले का?"

"नाही हो भाऊ," प्रतिमाताई म्हणाल्या. "पाहून तर याचं केव्हाच झालंय. आम्ही विचारायला आलोय."

बाबा म्हणाले, "जात येगळी आहे. भाऊबंद बोलतीन."

"बोलतील," गंधार म्हणाला. "ही ऐकून घेणार नाही. मी घेईन."

"अन् हिची नर्सरी?"

"इथंच राहील. मेहकर अर्ध्या तासावर. दुकानासाठी जाणं-येणं मी करीन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते खळखळून हसले. "सुचिता, चहा टाक."

"तुम्ही टाका बाबा. मले यायच्याशी बोलायचं आहे."

खांद्यावरचा रुमाल झटकत बाबा खरंच आत गेले. प्रतिमाताईही हसत त्यांच्यामागे गेल्या.

गंधार ट्रेजवळ आला. "बोला."

 मी मातीनं भरलेला हात तसाच पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, इस्त्रीच्या बाह्या मातीत गेल्या तरी सोडला नाही.