पहिल्या दुधाचा गंज

सकाळी पोर्चमधली काचेची पेटी रिकामी दिसली आणि पद्मिनीवहिनींनी पदर डोळ्याला लावला.

बूढापारा मोहल्ल्यातलं ‘सरोवर-छाया’ आज पन्नाशीचं होत होतं. तलावाकाठची ही पाच मजली इमारत नवी असताना गच्चीवरून नागपूरची संत्री मोजता यायची, अन् पाहुणे चपला बाहेर काढून लिफ्टमध्ये शिरायचे. ज्याला पटत नसेल त्याने चढून पाहावं. पण इथे पहिलं दूध उतू गेलं ते पद्मिनीवहिनींच्या घरी, हे मात्र साऱ्या इमारतीला पाठ होतं. आज त्याचाच सत्कार. म्हणून मुलाने, शेखरने, आईला न विचारताच माळ्यावरून तो पितळी गंज, दुधाचं जुनं पातेलं, काढून पेटीत मांडला होता. काल वहिनींनी चारचौघांत हळदकुंकू वाहून त्याची पूजा केली. दोनदा कुंकू बाहेरच सांडलं; वय झालं म्हणायचं.

निवृत्त तिकीट तपासनीस दिवाकरराव वाकले. पेटीला कुलूप नव्हतंच. हार नीट बाजूला ठेवलेला. गंजाच्या जागी ताज्या अक्षता.

शेखरने वर बोट दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या विनोदिनीबाई. जन्मभर या सत्कारावर जळणाऱ्या.

दिवाकरराव वर गेले.

“गंज पाहिला का?”

“कुठून पाहू? दीर गेले. सुतक आज फिटून राहिलं, आता उतरीन खाली.” मग हळूच, “कडेला पोचा आहे का त्याले?”

होता.

दिवाकररावांनी खाली येऊन हे सांगताच शेखर म्हणाला, “पकडी गई काकी.”

वहिनी मात्र म्हणाल्या, “जाऊ द्या भाऊजी. नका शोधू.”

दुपारी सगळे पोर्चमध्ये जमले तेव्हा दिवाकररावांनी अक्षता तळहातावर घेतल्या.

“पूजलेली वस्तू अक्षता वाहून विसर्जन केल्याशिवाय उचलायला चोराचा हात धजला नाही. आजकालच्या पोट्ट्यांनी सरळ उचलली असती. सुतकातली बाई अक्षता वाहणार नाही.”

“मग काकीला पोचा कसा माहीत?” शेखरने विचारलं.

“पाहिला नाही तरी माहीत. म्हणजे गंज जुन्या ओळखीचा. आज ती खाली उतरायच्या आत तो दिसेनासा व्हायला हवा होता.” ते वळले. “पूजा ज्याने केली, विसर्जनही त्यानेच केलं. वहिनी, गंज कोणाचा?”

वहिनींनी विनोदिनीबाईंकडे बोट केलं.

“हिच्या आईने दिलेला. राहायला आलो त्या दिवशी जिन्यात सामान पडून होतं. माझं पातेलं ॲल्युमिनियमचं, अन् हिचा सोन्यासारखा. पाहवला नाही मले.”

“म्हणजे दोनदा गेला तो,” दिवाकरराव म्हणाले, “अन् चोर एकच.”

“आईच्याच गंजात दूध उतू घालीन म्हणून दिवसभर शोधून राहिली मी,” विनोदिनीबाई म्हणाल्या. “अन् तू पेढे घेऊन वर आली.”

गंज वहिनींच्या तांदळाच्या डब्यातून निघाला. विनोदिनीबाईंनी पोच्यावरून अंगठा फिरवला आणि दूध मागवलं. सत्काराच्या मांडवातच शेगडी पेटली. साय थरथरली, फुगली, काठाशी आली. सवयीने वहिनींचा हात गॅसच्या बटणाकडे गेला.

विनोदिनीबाईंनी मनगट धरलं.

“राहू दे. आता तरी जाऊ दे.”