पहिला घोट पाहुण्याचा

पाण्याला चव नसते आणि वास नसतो, असे शाळेत शिकवले जाते. माझी नोकरी या विधानाच्या चुकीवर उभी आहे. शहराच्या पाणीपुरवठा प्रयोगशाळेत मी रोज सकाळी काचेच्या चंबूंतले कोमट पाणी हुंगतो आणि त्याची चव घेतो. जलाशयात शेवाळ माजले की पाण्याला मातकट वास येतो. तो पकडायला यंत्राला दुपार उजाडते. माझ्या नाकाला एक श्वास पुरतो.

माझी थोरली बहीण एका वर्तमानपत्रात खाण्यावर लिहिते. एका शुक्रवारी तिचा फोन आला.

"शहरात तैवानी कुठे खावं, यावर लेख करतेय. उद्या तुझं नाक पाठवून दे. तू नाही आलास तरी चालेल."

मी नाकासह गेलो. पहिले दुकान काचेच्या दर्शनी भागाचे होते. तिथे सोया आणि चक्रीफूल घालून तासन्‌तास शिजवलेले मांस भातावर वाढत होते. दुसरे एका कापडदुकानाच्या माडीवर. तिथली पातीच्या कांद्याची पदरदार पोळी उत्तम, तिळाच्या तेलातली कोंबडी त्याहून उत्तम. दोन्हीकडे ताई मला सारखी विचारत होती, "तुला काय लागतंय? नीट सांग," आणि माझे शब्द भरभर टिपून घेत होती. इतकी वर्षे तिने माझ्याकडून एक विशेषणसुद्धा घेतले नव्हते.

तिसरी एक हातगाडी होती. गल्लीच्या तोंडाशी आंबवलेले टोफू तळले जात होते. ज्याने हा वास घेतलेला नाही त्याने तुंबलेल्या गटाराचे झाकण उचलल्याची कल्पना करावी. खाणारे शपथेवर सांगतात की चव वेगळी असते. रस्त्यावरचे लोक नाकाला रुमाल लावून जात होते. माझ्या डोळ्यांना पाणी आले. ताई गाडीला टेकून, वाफेत तोंड घालून, शांतपणे खात होती.

"ताई, तुला वास येत नाही."

ती चावायची थांबली. "तापानंतर गेला. मग आला, मग परत गेला. संपादकांना कळलं तर ते मला वधूवरांच्या जाहिराती तपासायला बसवतील. तू बोलणार आहेस का कुठे?"

"येतो आणि जातो? असं होत नाही सहसा."

"अजून एक दुकान राहिलंय," ती म्हणाली. "चल."

हे चौथे दुकान दोन गोदामांच्या मधे होते. दारावर पाटी नव्हती. आत मोजकी टेबले, आणि प्रत्येक टेबलाला दोनच खुर्च्या. मालकीणबाई म्हातारी, ताठ. तिने ताईकडे पाहून मान हलवली, मग माझ्याकडे पाहिले. तपासायला आलेल्या नमुन्याकडे मी पाहतो तसे. तिने एकच बाउल आणून आमच्या मधोमध ठेवला. आत पारदर्शक सूप होते.

ताईने बाउल माझ्याकडे सरकवला. "पहिला घोट पाहुण्याचा. इथली पद्धत आहे."

"तैवानची?"

"नाही. या दुकानाची."

मी घोट घेतला. सुरुवातीला फक्त ऊब जाणवली. मग एकेक पदर उलगडला: गंजके लोखंड, ओला दगड, दगडावरचे शेवाळ. आम्ही लहानपणी राहायचो त्या घरामागच्या विहिरीचे पाणी. ती विहीर बुजवून आता जमाना झाला.

मी बाउल खाली ठेवला. ताईने बाउल घेतला, डोळे मिटले आणि उरलेले सगळे सूप पिऊन टाकले.

"विहीर," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते.

एकाच घरात वाढलेल्या दोघांना एकच आठवण येणे, यात विज्ञानाला हरकत असण्याचे कारण नाही. तरीही बाउलाच्या तळाशी राहिलेले थेंब मी खिशातल्या नमुन्याच्या कुपीत ओतले. ताई हसली. मालकीणबाई हसली नाही. तिने अडवलेही नाही.

सोमवारी यंत्राने निकाल दिला. मीठ नाही, स्निग्धांश नाही, प्रथिने नाहीत, लोह नाही. कुपीत पाणी होते, आणि तेही आम्ही शहराला पुरवतो त्याहून शुद्ध. नमुना घेताना माझ्या हातून काहीतरी चुकले असणार, असे मी ठरवले. ते सोयीचे होते.

लेख छापून आला. ताईने इतके चांगले कधीच लिहिले नव्हते. पोळीच्या पदरांतला जळका तीळ, टोफूमागचा ओल्या दगडाचा थंडावा. हे शब्द मी तिला दिलेले नव्हते, पण मीच दिले असते असे होते. लेखात तीन दुकाने होती.

"चौथं का नाही?" मी फोनवर विचारले.

"जागा कमी पडली."

ताईला जागा कधी कमी पडत नाही. जागा भरण्यासाठी ती मुळात टोफूचा इतिहास लिहिते, आणि तो या लेखातही होताच.

रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो. भाऊजींनी आमटीत मीठ घातले, चाखले, पुन्हा घातले.

"काय हो, मिठागर विकत घेतलंत का?" मी म्हटले.

"अरे, सगळं कागद चावल्यासारखं लागतं. डॉक्टर म्हणतात, वय झालं. गेल्या वर्षी हिच्याबरोबर एका तैवानी दुकानात गेलो होतो, ते शेवटचं चवीचं जेवण. काय सूप होतं! नंतर हिच्या ऑफिसातला फोटोग्राफरसुद्धा तसंच म्हणायचा. तो आता इमारतींचे फोटो काढतो."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. ताई दारात हात पुसत उभी होती.

"आमटी कशी झालीय?" तिने मला विचारले.

मी घास घोळवला. "छान," मी म्हणालो. ती कशी झाली होती, हे मला सांगता आले नसते. आधीच्या काही दिवसांत कॉफी पांचट लागत होती. पूड जुनी झाली म्हणून मी नवी आणली होती. दोन पुराव्यांवरून निष्कर्ष काढू नये, अशी माझी शिस्त आहे.

तिसरा पुरावा बुधवारी आला. सकाळचे सगळे चंबू मी हुंगले आणि "निर्गंध" असा शेरा दिला. पाणी सुटले. थोड्याच वेळात ताईचा फोन.

"अरे, पाण्याला मातीचा वास मारतोय. शेवाळाचा. फार नाही, पण तुला कळायला हवा होता."

ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. आयुष्यात तिने कधी पाण्याला वास असल्याचे मान्य केले नव्हते.

मी ग्लास भरून नाकाशी धरला. मग टेबलावरचा फिनेलचा डबा उघडून हुंगला. मग स्वतःचा हात.

दुपारी यंत्राने मातकटपणाचा आकडा दाखवला. तोवर तक्रारींनी टेलिफोन गरम झाले होते. आमच्या विभागप्रमुख बाई ओरडल्या नाहीत. "सोमवारी तुमच्या नाकाची चाचणी घेऊ," त्या म्हणाल्या. "नापास झालात तर नोंदी विभागात जागा आहे. तुमचं नुकसान होणार नाही." या कामाखेरीज मला दुसरे काही येत नाही, हे त्यांना माहीत होते.

शनिवारी दुपारी मी त्या दुकानाकडे निघालो. गल्लीच्या तोंडाशी हातगाडी होती. कढईतून वाफ उसळत होती, एक बाई मुलाचे नाक दाबून धावत पुढे गेली. मी कढईवर वाकलो आणि दीर्घ श्वास घेतला.

हवा. कोमट हवा.

मालकीणबाईने मला दारातच अडवले. तिने दोन बोटे दाखवली.

मी ताईला फोन लावला. "मी दुकानापाशी आहे. आज तू माझी पाहुणी. ये."

 तिच्या मागे फोडणी तडतडत होती.

"मला परत दे ते, ताई. चोरी आहे ही."

"तुझा तर विश्वास नाही असल्या गोष्टींवर," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, माया होती. त्यामुळेच मला भीती वाटली. "तिथेच थांब. करते काहीतरी."

मी थांबलो. मालकीणबाईने मला खुर्चीकडे नेले आणि समोरची खुर्ची पुसली.

दार उघडले. माझी बायको आत आली, खांद्यावरची पिशवी सावरत.

"वा! न सांगता बेत? ताईंचा फोन आला, म्हणाल्या, तो वाट बघतोय, लगेच जा. किती वर्षांनी नेलंस रे कुठे!" ती बसली, मान वर करून तिने श्वास घेतला. "काय सुंदर वास येतोय."

बाउल टेबलाच्या मधोमध आला.

तो सरकवायला मी हात लावला नाही. त्याची गरजच पडली नाही. तिने दोन्ही हातांनी तो उचलला.

"हे आधी प्यायचं का?"

मी तोंड उघडले.

बाउल ओठांशी धरून ती माझ्याकडे पाहत थांबली. "काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "गरम आहे. जपून."

तिने घोट घेतला. आणि बाउल माझ्याकडे येण्याआधीच, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, मला वास आला: तिच्या ओल्या केसांतल्या साबणाचा.